शब्दचर्चा : ‘मेइवाकु’, ‘कान्को कोगाइ’ आणि आपले ‘हुल्लडबाज पर्यटक’

प्रश्न

जपानमधील रहिवासी आणि बेशिस्त पर्यटक यांच्यातील वाढत्या तणावाविषयीच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करताना मी दोन शब्दांपाशी अडलो आहे. पहिला ‘मेइवाकु’ आणि दुसरा ‘कान्को कोगाइ’. आपली वृत्तपत्रे अशा बातम्यांत सरसकट ‘हुल्लडबाज पर्यटक’ किंवा ‘पर्यटकांचा धुडगूस’ असे लिहितात, आणि अलीकडे ‘अतिपर्यटन’ हा शब्दही रुळू लागला आहे. यांपैकी कोणता शब्द कोठे वापरावा, आणि ‘कान्को कोगाइ’साठी ‘पर्यटन प्रदूषण’ हे शब्दशः भाषांतर चालेल का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर

‘मेइवाकु’चा पल्ला फार मोठा आहे. रस्त्याचे काम चालू असल्याच्या फलकावर ‘आपणांस मेइवाकु होत आहे, क्षमस्व’ अशा अर्थाचे वाक्य असते आणि तेथे आपण ‘तसदी’ किंवा ‘गैरसोय’ म्हणू. नको असलेल्या जाहिरातींच्या ईमेललाही ‘मेइवाकु मेएरु’ म्हणतात. जपानी मुलांना लहानपणापासून ‘लोकांना मेइवाकु देऊ नका’ असे बजावले जाते, तेथे ‘त्रास’ हा साधा शब्दच योग्य आहे. मात्र ‘मेइवाकु कोइ’, म्हणजे मेइवाकु होईल असे कृत्य, हा जोडशब्द फलकांवर, बातम्यांत आणि स्थानिक नियमांत येतो, तेव्हा त्याला ‘उपद्रव’ हा शब्द चपखल बसतो. उपद्रव देणाऱ्याच्या मनात दुष्ट हेतू असावाच लागत नाही, आणि ‘मेइवाकु’चेही तसेच आहे. त्यामुळे एका शब्दाला एकच प्रतिशब्द, हा आग्रह येथे सोडावा लागेल.

‘हुल्लडबाज’ या शब्दाबाबत मात्र माझा स्पष्ट आक्षेप आहे. हा शब्द आपल्याकडे पावसाळ्यात लोणावळ्याच्या भुशी धरणावर किंवा धबधब्यांवर दारू पिऊन आरडाओरडा करणाऱ्या टोळक्यांच्या बातम्यांतून घरोघरी पोहोचला. जपानमध्येही तसे प्रकार होतात. तोक्योच्या शिबुया भागात हॅलोविनच्या रात्रीचा गोंधळ आणि रस्त्यावरचे मद्यपान इतके वाढले, की १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थानक परिसरात संध्याकाळी ६ ते पहाटे ५ या वेळेत रस्त्यावर दारू पिण्यास वर्षभर मनाई करण्यात आली. त्या बातमीत ‘हुल्लडबाजी’ खुशाल लिहावे. पण रहिवाशांच्या तक्रारींचा मोठा भाग हुल्लडीचा नाहीच, आणि तेथे हा शब्द वाचकाची दिशाभूल करतो.

यामानाशी प्रांतातील फुजिकावागुचिको या गावाचे उदाहरण घ्यावे. तेथे एका किरकोळ दुकानाच्या छपरामागे फुजी पर्वत उभा दिसतो आणि ते छायाचित्र समाजमाध्यमांवर गाजले. तेच छायाचित्र घेण्यासाठी लोक समोरच्या अरुंद पदपथावर गर्दी करू लागले, नेमकी जागा साधण्यासाठी वाहनांमधून रस्ता ओलांडू लागले, शेजारच्या दंतवैद्याच्या आवारात गाड्या लावू लागले आणि जाताना कचरा टाकून जाऊ लागले. फलक लावून आणि माणसे उभी करूनही फरक पडेना, तेव्हा मे २०२४ मध्ये नगरपालिकेने तेथे सुमारे अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी उभारली. काही दिवसांतच जाळीला मोबाइलचा कॅमेरा मावेल एवढी भोके पडली. ऑगस्टमध्ये वादळाचा इशारा आल्यावर ती उतरवण्यात आली. या सगळ्यात आरडाओरडा कोणीच करत नव्हते. एकट्या माणसाने पदपथावर थांबून छायाचित्र घेतले, तर त्यात वावगे काही नाही. दिवसभर शेकडो जण तेच करू लागले, की दंतवैद्याकडे येणाऱ्या रुग्णाला दारापर्यंत पोहोचणे कठीण होते. अशा बातमीवर ‘हुल्लडबाज पर्यटकांना चाप’ असा मथळा दिला, तर मूळ दुखणेच हरवते.

येथूनच ‘कान्को कोगाइ’कडे वळता येते. ‘कान्को’ म्हणजे पर्यटन. ‘कोगाइ’ या शब्दातील पहिल्या अक्षराचा अर्थ सार्वजनिक आणि दुसऱ्याचा अर्थ हानी, इजा. हा शब्द जपानी माणसाच्या कानावर पडतो तो मिनामाता या किनारी शहराच्या आठवणीसह. कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने मासे आणि माणसे विषबाधित झाली, १९५६ मध्ये त्या रोगाची अधिकृत नोंद झाली, आणि लोकांनी न्यायासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. १९६७ मध्ये कोगाइविरोधी मूलभूत कायदा आला. त्या कायद्यातील व्याख्येत दूषित हवा आणि पाणी यांच्या जोडीला गोंगाट, कंपने, दुर्गंधी आणि जमीन खचणे यांचाही समावेश होता. आपल्या ‘प्रदूषण’ या शब्दात जमीन खचणे बसत नाही. शिवाय ‘पर्यटन प्रदूषण’ म्हटले, की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे समुद्रकिनाऱ्यावरच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या येतात. म्हणून हे भाषांतर चालणार नाही, असे मी ठामपणे म्हणेन.

क्योतोच्या शहर बसचे पाहा. किन्काकुजी, गिओन, कियोमिझु अशा ठिकाणी जाणाऱ्या बसगाड्या मोठ्या बॅगा घेतलेल्या प्रवाशांनी भरून येतात आणि दवाखान्यात निघालेल्या वृद्ध रहिवाशाला एकामागून एक बस सोडाव्या लागतात. पर्यटक रांगेत उभा आहे, तिकिटाचे पैसे देतो आहे, मोठ्याने बोलतही नाही, तरीही त्या वृद्धाची हानी होतेच आहे. २०२४ मध्ये जपानला ३ कोटी ६८ लाखांहून अधिक परदेशी पर्यटक आले, पण क्योतोत येणाऱ्यांत जपानी पर्यटकच बहुसंख्य असतात, हे विसरू नये. जून २०२४ पासून शहराने नेहमीच्या २३० येन भाड्याऐवजी ५०० येन भाड्याच्या, पर्यटनस्थळांपर्यंत थेट धावणाऱ्या वेगळ्या बस सुरू केल्या. वर्तन सुधारण्याचे आवाहन करून हा प्रश्न सुटला नसता. येथे व्यवस्थाच बदलावी लागते, आणि ‘कोगाइ’ हा शब्द नेमकी तीच मागणी करतो.

‘अतिपर्यटन’ हा शब्द चांगला घडला आहे आणि जपानी शासन ज्याला ‘ओबात्सुरिझुमु’ म्हणते त्यासाठी तो वापरावा. पण त्यात फक्त प्रमाण आहे, दुखणे कोणाला होते ते नाही. ‘कान्को कोगाइ’साठी माझी सूचना ‘पर्यटनपीडा’ अशी आहे. ‘ग्रहपीडा’ म्हणजे ग्रहांमुळे होणारी पीडा, हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे समास उलगडण्यास कोणाला अडचण पडू नये.

पूरक प्रतिसाद

‘पर्यटनपीडा’ ऐकायला छान आहे, पण ग्रहपीडेला कोणी जबाबदार नसतो, शांत करून ती सोसावी लागते. ‘कोगाइ’ व्यवस्था बदलण्याची मागणी करतो, असे वर म्हटलेच आहे, म्हणजे त्यात कोणाची तरी जबाबदारी आहे. आपल्याकडे कायद्याच्या मराठीत ‘सार्वजनिक उपद्रव’ ही संज्ञा भारतीय दंड संहितेच्या २६८ व्या कलमापासून रूढ आहे आणि भारतीय न्याय संहितेतही तो अपराध २७० व्या कलमात आहे. ‘कोगाइ’तील दोन्ही अक्षरांचा अर्थ तीत उतरतो. म्हणून गंभीर लेखनात ‘पर्यटनजन्य सार्वजनिक उपद्रव’ असे एकदा लिहून पुढे नुसते ‘उपद्रव’ म्हणावे, असे मला वाटते. मथळ्यात ते मावणार नाही, हे मान्य आहे, आणि तेथे ‘पर्यटनपीडा’ वापरण्यास माझी हरकत नाही.

आणखी दोन शब्द जपून वापरावेत. पहिला ‘बंदी’. २०२४ मध्ये ‘गेशांच्या वस्तीत पर्यटकांना बंदी’ अशा बातम्या आल्या. प्रत्यक्षात गिओनमधील काही खासगी बोळ तेवढे बंद झाले, आणि हानामिकोजी हा मुख्य रस्ता सर्वांना खुला राहिला. त्या बोळांत विनापरवानगी छायाचित्र घेतल्यास १० हजार येन आकारण्याचे फलक २०१९ मध्येच लागले होते. संध्याकाळी चहागृहात कामावर निघालेल्या माइकोला वाटेत अडवणे, तिच्या किमोनोची बाही धरणे, यांना कंटाळून रहिवाशांच्या मंडळाने हे पाऊल उचलले. माइको म्हणजे शिकाऊ कलावती, आणि क्योतोत पूर्ण शिक्षित कलावतीला ‘गेइको’ म्हणतात. तेव्हा सरसकट ‘गेशा’ लिहिणेही टाळावे.

दुसरा शब्द ‘घुसखोरी’. होक्काइदोतील बिएइ येथे लोक छायाचित्रांसाठी शेतात शिरतात, आणि बुटांना लागून आलेल्या मातीतून पिकांचे रोग व कीड पसरेल या भीतीने शेतकरी हैराण आहेत. हिवाळ्यात सर्वत्र बर्फ असल्याने पायाखाली शेत आहे हे अनेकांना कळतच नाही. तेथील ‘तत्त्वज्ञ वृक्ष’ म्हणून प्रसिद्ध असलेले झाड २०१६ मध्ये मालकाने तोडून टाकले. शेतकऱ्याची हानी खरी आहे, पण अजाणता शिरलेल्याला घुसखोर म्हणणे रास्त नाही. ‘शेत तुडवणे’ हा आपला साधा वाक्प्रयोग पुरेसा आहे.

मूळ प्रश्नकर्त्याने ‘ताबि नो हाजि वा काकिसुते’ ही म्हणही लक्षात ठेवावी, कारण या विषयावरील जपानी लेखनात ती वारंवार येते. प्रवासात लाज गेली तरी ती तेथेच टाकून यावी, असा तिचा अर्थ आहे. ती जपानी माणसाने जपानी प्रवाशाविषयीच केलेली आहे, म्हणून तिचा संदर्भ देताना फक्त परदेशी पाहुण्यांकडे बोट दाखवू नये. मराठीत तिला जोडीची म्हण मला आठवत नाही, पण ‘इथे आपल्याला कोण ओळखतंय?’ हे आपण सहलीला गेल्यावर सर्रास म्हणतो, आणि अनुवादात तेच वाक्य ठेवले तर अर्थ अचूक पोहोचेल.

शेवटी ‘स्थानिक’विषयी. मूळ लेखात ‘जुमिन’ असेल, तर ‘रहिवासी’ असेच लिहावे. आपल्याकडे ‘स्थानिक’ म्हटले, की लगेच ‘परप्रांतीय’ आठवतो आणि हा वाद जपानी विरुद्ध परदेशी असा भासू लागतो. तोक्योच्या एदोगावा विभागात, विशेषतः निशिकासाइ परिसरात, भारतीयांची मोठी वस्ती आहे. मूळचे महाराष्ट्रातील योगेंद्र पुराणिक २०१९ मध्ये त्या विभागाच्या परिषदेवर निवडून आले. तेथे वर्षानुवर्षे कर भरणारे, कचऱ्याचे नियम पाळणारे मराठी कुटुंबही ‘जुमिन’च आहे, आणि बसमध्ये जागा न मिळाल्याची तक्रार त्याचीही असू शकते.