अमेरिकेत तुमच्या घरी परदेशी विद्यार्थी राहायला होते का? ख्रिस्ती शाळांमधले अनुभव लिहा

सायलीचं_झुडूप
आज सकाळी व्हिएतनामहून एक फोटो आला. अकरावी-बारावीला आमच्याकडे राहिलेली मुलगी डॉक्टर झाली! सकाळपासून कामात लक्ष नाही, म्हणून लिहितेय.

लेकीच्या ख्रिस्ती शाळेतून ईमेल आला होता, एका मुलीला घर हवंय म्हणून. घरात देवघर, रोजची पूजा, आपल्याला देतील का ही शंका होती. शाळेच्या समन्वयक बाई आल्या, खोली बघितली, घरातल्या मोठ्यांचं बॅकग्राउंड चेक झालं. त्यांनी विचारलं, रविवारी तिला चर्चला सोडाल ना? ती कॅथलिक, शाळा प्रोटेस्टंट. पाऊण तासावर व्हिएतनामी भाषेतली मिस्सा (कॅथलिकांची उपासना) सापडली. हे बाहेर गाडीत पेपर वाचत बसायचे.

सुरुवातीला पोर खोलीबाहेर यायची नाही. काही विचारलं की "ओके". मग ताप आला. मी आपली भाताची पेज दिली, मीठ-तूप घालून. त्यांच्याकडेही तापात हेच देतात म्हणे! वाटी संपवली आणि पहिल्यांदाच आईबद्दल बोलायला लागली. तिथून पुढे ती घरचीच.

तुमच्याकडे कोण होतं? लिहा.

चहाबाज
पेज वाचून डोळे भरले. मेतकूट दिलंत का?

सायलीचं_झुडूप
दिलं तर! जाताना डबा घेऊन गेली.

गच्चीवरून
आमचा जर्मन होता, जे-१ वाला, म्हणजे संस्थेमार्फत देवाणघेवाणीच्या व्हिसावर आलेला. तुमची एफ-१, म्हणजे नेहमीच्या विद्यार्थी व्हिसावरची असणार, खाजगी शाळेत ती मुलं एका वर्षापेक्षा जास्त राहू शकतात. जे-१ चा मुक्काम जास्तीत जास्त एक शालेय वर्ष, आणि यजमान कुटुंबाला पैसे द्यायचेच नाहीत असा नियम. तरी प्रत्येक जण विचारायचा, "किती मिळतात?" लेखी करार आणि पात्र संस्था असेल तर टॅक्समध्ये महिना 50 डॉलरपर्यंत खर्चाची वजावट मिळते, बस.
5 डिसेंबरच्या रात्री त्याने आमच्या पोरांचे बूट घासूनपुसून दाराबाहेर ठेवले. सकाळी त्यात चॉकलेटं आणि संत्री! त्यांच्याकडे 6 तारखेला संत निकोलसचा दिवस. मुलं कॉलेजात गेली तरी आमच्याकडे बूट बाहेर ठेवतात.

चहाबाज
वजावट कुठे दाखवायची?

गच्चीवरून
शेड्यूल ए, म्हणजे वजावटी एकेक करून दाखवायचा फॉर्म. स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट ठरावीक वजावट) घेत असाल तर उपयोग नाही.

नगरची_लेक
आम्ही मराठी ख्रिस्ती. चिनी मुलगा होता, घरी कुठलाच धर्म नाही. जेवणाआधीच्या प्रार्थनेला डोळे मिटायचे का, असं त्याने विचारलं. मिस्टर म्हणाले, तुला वाटेल तसं बस बाळा, जेवण गार होऊ देऊ नकोस म्हणजे झालं. त्याच्या आईवडिलांना धर्मांतराची काळजी होती. आम्ही व्हिडिओ कॉलवर स्पष्ट सांगितलं, चॅपल (शाळेतली प्रार्थनासभा) आणि बायबलचा तास शाळेत सक्तीचा आहे, श्रद्धा नाही. आमच्या घरात तर अजिबात नाही. माझं ठाम मत आहे, सोळा वर्षांचं पोर आपल्या छपराखाली एकटं असताना त्याच्यावर कसलाच दबाव नको, प्रेमाचासुद्धा नको.
चर्चच्या बायकांनी कोट, बर्फातले बूट सगळं आणून दिलं. एक आजी त्याला पियानो शिकवायच्या. बाकी रात्री लिहिते, डिशवॉशर लावायचाय.

उंबरठा
सगळं गोडच असतं असं नाही. आमच्याकडे कोरियन मुलगी वर्षाच्या मध्यात आली, आधीच्या घरी तळघरात मुली दाटीवाटीने ठेवलेल्या. तिथे ठेवणाऱ्या संस्थेचं नाव घेत नाही. जे-१ मध्ये एका घरात दोनच्या वर विद्यार्थी ठेवता येत नाहीत, आणि संस्थेच्या माणसाने दर महिन्याला मुलाशी बोलायलाच हवं. एफ-१ च्या घरांवर केंद्र सरकारची अशी देखरेख नसते, त्यामुळे शाळेतल्या पालकांनीच डोळे उघडे ठेवायला हवेत. आम्हाला कळलं ते लेकीमुळे, ती मुलगी रोज डबा न आणता यायची.

नगरची_लेक
अगं बाई. पोर बरी आहे ना आता?

उंबरठा
एकदम छान. दर ख्रिसमसला फोन असतो.

भाकरीतुकडा
मेतकुटाची कृती टाका ना कुणीतरी 🙏

नवी_पालवी
ऑगस्टमध्ये आमच्याकडे इटलीची मुलगी येतेय, जे-१ वर. धाकट्या लेकीच्या खोलीत चालेल? आणि पहिले दिवस काय करू? पोटात गोळा आलाय.

गच्चीवरून
मुलगी-मुलगी एका खोलीत चालतं, पण तिला स्वतःचा पक्का पलंग हवा. हवा भरायची गादी चालत नाही.

सायलीचं_झुडूप
पाहुणी म्हणून ठेवू नका हो. पहिल्याच आठवड्यात भांड्यांची पाळी लावा, लेकीला रागावता तसं तिलाही रागवा. आणि घरी रोज तासन् तास फोन करत असेल तर हळूहळू ठरावीक वेळ ठरवा, तिच्या आईशी बोलूनच. आयांना पटतं ते.