मदत हवी आहे: प्रौढ भावासाठी लहान निवासी संस्था शोधतेय, रात्रीची व्यवस्था कशी तपासायची?

नमस्कार,

माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे. बौद्धिक दिव्यांगत्व आहे आणि लहानपणापासून फिट्स येतात. जेवतो स्वतःच्या हाताने, अंघोळीला मदत लागते. बोलणं थोडं. दुखलंखुपलं तर सांगत नाही, कोपऱ्यात गप्प बसून राहतो. आईला ते लगेच कळतं, परक्याला कळणार नाही. आई सत्तरीच्या पुढे आहे आणि खुब्याच्या ऑपरेशननंतर तिला त्याचं सगळं झेपत नाही. वडील नाहीत. मी नाशिकला असते, नोकरी शिफ्टची. ‘घरीच सांभाळा’ हा सल्ला कृपया देऊ नका. आईसकट आम्ही सगळ्यांनी बसून विचार केला आहे आणि आई धडधाकट असतानाच त्याची नवीन जागेत घडी बसावी, असं ठरलं आहे.

शंभर-दीडशे जणांची संस्था त्याला झेपणार नाही, गोंगाटाने तो बिथरतो. म्हणून दहा-पंधरा जणांची घरं बघतोय, पुणे, नाशिक आणि सांगली या भागात. दिवसा गेलं की बहुतेक ठिकाणी बरंच वाटतं. फरशी स्वच्छ, कागदी पिशव्यांचं नाहीतर पणत्या रंगवण्याचं काम चाललेलं, चहा येतो. माझी काळजी रात्रीची आहे. भावाला फिट येते ती बहुधा पहाटे, झोपेत.

एका ठिकाणी विचारलं, रात्री कोण असतं? म्हणाले, एक मावशी असतात, त्या खाली झोपतात. पुरुष वरच्या मजल्यावर आणि खोलीला बाहेरून कडी, ‘नाहीतर उठून फिरतात’. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली तेव्हा साखळीने बांधलेली माणसं पळू शकली नाहीत, २८ जण गेले. तिथे मनोरुग्ण होते आणि इथे साखळी नाही, मान्य. पण वरच्या मजल्यावर शॉर्टसर्किट झालं तर खाली झोपलेल्या एकट्या मावशी किती कड्या काढणार?

फिट आली तर काय करता, हेही विचारते. ‘कांदा हुंगवतो, दातात चमचा घालतो.’ आमच्या न्यूरॉलॉजिस्टनी नेमकं हेच करायचं नाही म्हणून बजावलं आहे: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर नाकातला मिडाझोलामचा स्प्रे द्या आणि थेट दवाखाना गाठा. स्प्रे कुठे ठेवाल, रात्री कोण देईल, याचं उत्तर एकाच घरात धड मिळालं. दुसऱ्या एका संस्थेत मला अगदी कौतुकाने सांगितलं की रात्री सगळ्यांना झोपेची गोळी देतो, त्यामुळे काही त्रास होत नाही. चिठ्ठी कोणत्या डॉक्टरांची, यावर उत्तर नाही. तिथून आम्ही उठलोच. फिट्सच्या माणसाच्या गोळ्यांत आपल्या मनाने एकही गोळी वाढवणं किंवा कमी करणं किती धोक्याचं असतं, हे इथल्या पालकांना सांगायला नको.

आणखी एक अडचण कागदांची. ‘आमची संस्था रजिस्टर्ड आहे’ असं सगळेच सांगतात आणि भिंतीवरची फ्रेम दाखवतात. ती बहुतेक वेळा धर्मादाय आयुक्तांकडची न्यासाची नोंदणी निघते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ५० प्रमाणे दिव्यांगांसाठी संस्था चालवायला वेगळं नोंदणी प्रमाणपत्र लागतं ना? ते मागितलं की ‘प्रोसेसमध्ये आहे’. अशा ठिकाणी ठेवावं का? आणि बाकी सगळं चांगलं असेल तर?

ज्यांनी आपलं माणूस अशा घरात ठेवलं आहे किंवा तिथे काम केलं आहे, त्यांनी सांगावं: रात्रीचं खरं चित्र बाहेरच्या माणसाला कसं कळतं? संस्थेचं नाव इथे नको, हवं तर व्यक्तिगत निरोपात कळवा.

जाई_जुई

ताई, मी विशेष शिक्षिका आहे आणि काही वर्षं अशाच एका लहान घरात काम केलं आहे. रात्र कळायला वह्या बघा. औषधांची वही असते का? प्रत्येकाच्या नावाचं पान, कोणती गोळी किती वाजता, देणाऱ्याची सही. महिन्याभराच्या सगळ्या सह्या एकाच पेनने, एकाच हाताने केलेल्या दिसल्या तर ती वही तुम्ही येणार म्हणून भरली आहे. फिट्सची वही मागा, पडझड-जखमांची मागा. ‘आमच्याकडे काही होतच नाही’ म्हणणाऱ्यापेक्षा मागच्या महिन्यात कोण पडलं आणि नंतर काय बदललं हे सांगणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवीन. महिन्याचं वजन लिहिलेलं असावं. शौचाची नोंदसुद्धा विचारा, लाजू नका. न बोलणाऱ्या माणसाचं पोट आठवडाभर साफ झालं नाही तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि त्यातून जिवावर बेतल्याची उदाहरणं आहेत.

संध्याकाळच्या जेवणाला जाऊन बसा. आमच्या मुलांमध्ये घाईने गिळण्याची सवय फार असते, ठसका लागून घास अडकणं हा मोठा धोका. वाढून झाल्यावर ताई-मावशी तिथेच थांबतात की भांडी घासायला निघून जातात? अंघोळीचं गरम पाणी कोण काढतं, न्हाणीघराला आतून कडी आहे का? फिट्स असलेल्यासाठी ती नसावी, आडोसा पुरेसा. आणि प्रत्येकाचे कपडे स्वतःचे आहेत का तेही बघा. सामाईक ढिगातून कपडे काढून देतात तिथे बाकीचंही सामाईकच असतं, टूथब्रशसुद्धा.

मावशींचा पगार आणि सुट्टी विचारा. दिवसभर राबलेल्या बाईलाच रात्री ‘लक्ष ठेव’ म्हणून सांगितलेलं असेल तर ती झोपणारच, आणि त्यात तिचा दोष नाही.

काठावरचा

कडीबाबत माझं मत जरा वेगळं आहे. माझा मुलगा स्वमग्न आहे. एकदा मध्यरात्री हायवेपर्यंत गेला होता. दारं उघडी ठेवा म्हणणं सोपं आहे.

जाई_जुई

दादा, तुमची भीती खरी आहे. पण बाहेरचं दार बंद असणं वेगळं आणि माणसाची खोली बाहेरून बंद असणं वेगळं. गेटला कुलूप असू दे, किल्ली जाग्या माणसाच्या कमरेला असू दे. खोलीच्या दाराला साधी बेल लावली तरी उघडल्यावर कळतं. खोलीला कडी घालावी लागते तिथे रात्री जागा माणूस ठेवलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. कळंबोलीच्या निवासी संस्थेत बौद्धिक दिव्यांग मुलींवर झालेल्या अत्याचारांचं प्रकरण २०११ मध्ये बाहेर आलं, तेव्हा बंद दाराआड काय चालू शकतं ते अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. आत बाहेरच्या माणसाची ये-जा हवीच.

पाऊलवाट

कागदांबद्दल. हो, कलम ५० चं प्रमाणपत्र वेगळं, आणि ते दर्शनी भागात लावायलाच हवं. मुदतही वाचा, संपलेलं असतं कधी कधी. जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण कार्यालयात किंवा पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात लेखी विचारा, माहिती अधिकारात अर्ज टाकला तरी चालेल. ‘प्रोसेसमध्ये’ असेल तर अर्जाची पोच दाखवायला सांगा. माझं मत विचाराल तर पोचही नसेल तिथे ठेवू नका. बाकी कितीही चांगलं असलं तरी काही घडलं की जबाबदार कोण, तिथूनच वाद सुरू होतो. आणि छळाची नुसती शंका आली तरी कलम ७ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे तुमच्याकडे तहसीलदार किंवा प्रांत, कुणीही माहिती देऊ शकतं. पुराव्याची फाइल तयार होईपर्यंत थांबायची गरज नसते.

आईंच्या नावे कायदेशीर पालकत्व आहे का? राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करायचा असतो. तुमचं नाव आत्ताच पुढे करता येईल का, ते समितीला विचारून घ्या. काही संस्था प्रवेशाच्या वेळीच पालकत्व आपल्याकडे मागतात. माझ्या मुलीच्या वेळी मी ठाम नाही म्हटलं. सांभाळणारा आणि सांभाळणाऱ्याला जाब विचारणारा एकच असता कामा नये. अनामत रक्कम मोठी असेल तर मधेच काढलं तर किती परत, संस्था बंद पडली तर काय, हे करारात लिहून घ्या. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ आरोग्य विम्याचं नूतनीकरणही कोण करणार ते ठरवा. लाखापर्यंतचं संरक्षण असतं आणि तारीख चुकली की गेलं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पालकत्व सध्या आईच्या नावे आहे, समितीकडे लगेच चौकशी करते. वह्यांचं डोक्यातच आलं नव्हतं. स्प्रेचं नीट उत्तर देणाऱ्या घरात आता संध्याकाळी जेवणाच्या वेळी जाणार आहे, वह्या मागणार आहे, आणि आधी आठ दिवस भावासोबत मलाही तिथे राहू द्याल का, असं विचारणार आहे. अशी सोबत राहण्याची परवानगी कुणाला मिळाली आहे का? आणि रात्रपाळीला जागा माणूस हवा, ही अट करारात कोणत्या शब्दांत घातलीत? मसुदा असेल तर कृपया पाठवा.