अनुभव हवेत: फरशीच्या फटींतला काळपटपणा

काल वॉशिंग मशीन दुरुस्तीसाठी सरकवलं आणि खालची फरशी बघून तशीच उभी राहिले. फटी चक्क फिकट राखाडी! बाकी बाथरूमभर काळ्या, आणि घरात सगळ्यांनी तोच मूळ रंग म्हणून मान्य केलेला. एकदम आई आठवली. सुट्टीच्या दिवशी ती बसकं स्टूल घेऊन जुन्या टूथब्रशने एकेक फट घासायची आणि आम्ही पोरं पाय वर घेऊन बसायचो, कारण ओल्यात पाऊल टाकलं की ओरडा ठरलेला. तुमच्याकडे काय करता? अ‍ॅसिड सोडून सगळं सांगा.

खुरपं: अ‍ॅसिड नकोच. ग्राउट, म्हणजे फटींत भरलेला मसाला, सिमेंटचा असेल तर ते मळाबरोबर सिमेंटही खातं. नणंदेकडे एकाने ओतलं, फसाफसा फेस आला, सगळे खूश. नंतर फटी खोल नि खरबरीत झाल्या. आता पूर्वीपेक्षा जास्त मळ धरतात. शेजारच्या संगमरवरी पट्टीची चकाकी गेली ती वेगळीच.

निवांत_नाही: +१. आणि ब्लीच व अ‍ॅसिड एकत्र तर चुकूनही नको, क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये जिवावर बेतेल. घाईत आहे, नंतर लिहिते.

टवाळ: व्हिनेगर आणि खायचा सोडा कोणीच कसं नाही सांगितलं अजून?

खुरपं: कारण फसफसण्यापलीकडे त्यात काही नाही. दोघं एकमेकांना मारतात. त्यापेक्षा नुसत्या सोड्यात ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून दाटसर कालवायचं, फटींवर लेप द्यायचा, १०-१५ मिनिटांनी नायलॉनच्या ब्रशने घासायचं. तारेचा ब्रश नको. ओरखडे पडतात, आणि तारेचे कण अडकले तर गंजाचे डाग उठतात.

टवाळ: म्हणजे फटींचं फेशियल. बायकोला दाखवू नका हा धागा.

चाफा७: घासणं ठीक, पण मळ येतो कुठून? पोछ्याच्या पाण्यातून! फट टाइलपेक्षा जराशी खाली असते, गढूळ पाणी तिथंच साचतं नि वाळतं. सिमेंट ते शोषून घेतं. अर्ध्या घरानंतर पाणी बदला म्हणून मी सांगून थकले. उत्तर काय, तर "पाणी स्वच्छच आहे की."

निवांत_नाही: चाफाताई, आमच्याकडे तर फिरकीचा मॉप आणलाय. बादलीचं पायडल मोडलं, आता हाताने पिळतो. कोणाला सुटं पायडल मिळालंय का कुठे?

चाफा७: नाही गं. आमचंही मोडलेलंच आहे.

सांजवारा: शॉवरच्या कोपऱ्यात गुलाबी थर येतो तो काय प्रकार? घासला की जातो, परत हजर.

ओलावा: बहुतेक वेळा ती बुरशी नसते, जीवाणू असतात. सेराशिया मार्सेसेन्स हे त्यातलं नेहमीचं नाव. साबणाच्या थरावर नि ओलीवर पोसतात. आंघोळ झाली की भिंतीवर वायपर मारायचा, पंखा थोडा वेळ चालू ठेवायचा. औषधापेक्षा याचाच उपयोग होतो.

सांजवारा: वायपर मारायला चिरंजीवांना सांगितलंय. ते आरशावर मारून येतात.

खडूस_आजोबा: आमच्या फटींतून पांढरी पावडर निघते. पुसली की आठवड्यात परत.

ओलावा: आजोबा, ते क्षार. पाणी सिमेंटमधून मुरत वर येतं, वाळतं, क्षार मागे राहतात. पुसत बसू नका, ओल कुठून येतेय ते आधी शोधा. आणि नवा ग्राउट भरायचा असेल तर जुना नीट खरवडून काढा. वरवर लिंपलेला पापुद्र्यासारखा सुटतो. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे मात्र सिलिकॉनच हवं. तिथे थोडी हालचाल होत राहते, ग्राउटला तडा जातोच.

खडूस_आजोबा: वर फ्लश टँक गळतोय असं ही केव्हाची म्हणतेय. बघतो.

चाफा७: आजोबा, काकूंचं ऐका 😄

निवांत_नाही: आले परत. फटींत पाणी मुरू नये म्हणून वरून सीलर मारून घ्या लोकहो. आहे का संपलाय हे बघायला कोरड्या फटीवर पाण्याचा थेंब टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर आहे, मुरून गडद डाग पडला तर परत मारायची वेळ झाली. सिमेंटऐवजी एपॉक्सीचा (रेझिनचा) ग्राउट असेल तर सीलर लागत नाही. पण एपॉक्सी भरणारा हात सराईत हवा. वेळेत पुसलं नाही तर टाइलवर चिकट थर बसतो नि तो काढताना नाकी नऊ येतात.

सांजवारा: मग गडद रंगाचाच ग्राउट का नको? प्रश्नच मिटला.

ओलावा: गडदवर क्षार उठून दिसतात. मधला राखाडी बरा.

खुरपं: आमच्या ह्यांनी हौसेने शुभ्र पांढरा निवडला होता. घासायला त्यांनाच बसवते.