टेपर्सची जागा मिक्सरच्या मागे का होती

गर्दी वाढली की बँड आणि श्रोत्यांमधली बरोबरी संपतेच, असं ग्रेटफुल डेड या अमेरिकन रॉक बँडचा दाखला देऊन म्हटलं जातं, ते मला अर्धंच पटतं. श्रोत्यांनी कार्यक्रम टेप करण्यापुरती ती बरोबरी बँडने जाणूनबुजून टिकवली. माइकच्या उंच स्टँडची झाडी साउंड इंजिनिअरच्या पुढ्यातच उभी राहायला लागली, तेव्हा बंदी न घालता ऑक्टोबर १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या कार्यक्रमापासून टेपर्ससाठी, म्हणजे टेप करणाऱ्या श्रोत्यांसाठी, मिक्सरच्या (साउंड इंजिनिअरच्या आवाज जुळवणाऱ्या यंत्राच्या) मागे वेगळा भाग ठेवला. तिथे स्टेजपासून अंतर वाढतं, म्हणून हॉलचा घुमारा जास्त येतो आणि शब्द पुसट होतात. पुढे बसून केलेल्या टेपांना मागणी होती ती त्यामुळेच. ९० मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपते, त्यामुळे लांबलेल्या जॅमच्या (आयत्या वेळी रंगवत नेलेल्या वादनाच्या) मधोमध बाजू पलटावी लागायची. टेपांच्या देवाणघेवाणीचा नियम साधा: कोरी कॅसेट आणि टपालखर्च पाठवायचा, नफा घ्यायचा नाही. दर कॉपीमागे खरखर वाढायची, म्हणून टेप कितव्या पिढीची आहे हे लेबलवर लिहिणं फार मोलाचं.

प्रवेशाच्या बाबतीत मात्र बरोबरी संपते हे म्हणणं खरं ठरलं. १९८७ मध्ये त्यांचं गाणं अमेरिकेत टॉप टेनमध्ये गेलं आणि तिकीट नसलेल्यांची गर्दी बाहेर वाढत गेली. २ जुलै १९९५ ला इंडियाना राज्यातल्या डिअर क्रीक या कार्यक्रमाच्या जागी लोकांनी कुंपण पाडलं, दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम रद्द झाला. त्यात हकनाक भरडले गेले ते रीतसर तिकीट काढलेले लोक.