डोळे देखाव्यावर, हात खिशावर : परदेशी जाऊन आलेल्या कोकणवासीयांचे अनुभव

आपण कोकणातली माणसं. समुद्र बघायला आपल्याला तिकीट लागत नाही, आणि सीझनमध्ये पाहुणे आपल्याच अंगणात येतात. होडी, खोली, आंबा, सोलकढी, काही ना काही आपण त्यांना विकतोच. म्हणून परदेशी गेल्यावर स्वतः गिऱ्हाईक होणं आपल्याला जास्त बोचतं आणि जास्त कळतंही. काय पाहिलंत, कुठे घेरलं, परत येऊन आपल्या धंद्यात काही बदललंत का, ते आपल्या गावाचं नाव वर घालून सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

गुहागर
बालीला लेंपुयांगच्या देवळात गेले. फोटोत ते उंच दार पाण्यात उलटं पडलेलं दिसतं. प्रत्यक्षात तिथे तळं नाही, डबकंही नाही. फोटो काढणारा मुलगा मोबाइलच्या भिंगाखाली छोटा आरसा धरतो. त्या फोटोसाठी नंबर घेऊन तासन्‌तास बसायचं. अडीच तासांनी मी नंबर सोडला आणि पायरीवर जाऊन बसले. एक बाई माडाच्या पातीच्या चौकोनी द्रोणात फुलं, भाताची शितं आणि उदबत्ती ठेवून गेली. थोड्या वेळाने ढग सरला आणि दाराच्या मधोमध अगुंग ज्वालामुखी उभा राहिला. बाली म्हटलं की मला आजही तो द्रोण आधी आठवतो, मग डोंगर.

राजापूर
माझी चिरेखाण आहे. जन्म जांभ्या दगडात गेला, म्हणून गिझाला दगड बघायलाच गेलो होतो. आमचा चिरा एक गडी उचलतो. खुफूच्या पिरॅमिडचा एकेक दगड सरासरी अडीच टनांचा, आणि असे तेवीस लाखांच्या आसपास. कोपऱ्याच्या दगडाला तळहात लावला तेव्हा खरंच भरून आलं. तोच खांद्यावर कोणीतरी फडकं टाकलं, ‘गिफ्ट, गिफ्ट’. ते परत देतोय तोवर दुसऱ्याने मिसेसना उंटावर बसवलं. बसायचे पैसे ठरले होते, उतरायचे वेगळे निघाले. ती वरून घाबरून हाका मारतेय, आणि तो माणूस शांतपणे आकडा वाढवतोय. दिले. चार वर्षं झाली, पण पिरॅमिडचा विषय निघाला की ती उठून आत जाते. माणसाच्या हातून एवढं मोठं काम झालं आणि तिच्या वाट्याला त्यातलं काहीच आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

देवगड
बँकॉकला राजवाड्याबाहेर एक सभ्य दिसणारा गृहस्थ म्हणाला, आज राजवाडा बंद आहे, दुसरी देवळं बघा. टुकटुक, म्हणजे तिथली रिक्षा, जवळजवळ फुकट. दोन देवळं झाली आणि गाडी थेट रत्नांच्या दुकानापुढे थांबली. राजवाडा उघडाच होता, हे संध्याकाळी कळलं. नीलम खरा की काच, मला कुठे कळतंय? घेतला नाही. पण त्या काउंटरवर उभं असताना हायवेवरचे आंब्याचे स्टॉल डोळ्यांपुढे आले. आंबा कर्नाटकातला, पेटीवर छापलेलं ‘देवगड हापूस’. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं खरं, पण बाहेरून आलेल्या माणसाला पेटीकडे बघून काय समजणार? तेव्हापासून मी गिऱ्हाइकासमोर एक फळ कापतो. आधी देठाजवळ नाक लावायला सांगतो, मग फोड हातात देतो. भाव त्यानंतर.

मालवण
आमची स्नॉर्केलिंगची होडी आहे. थायलंडला माया बे बघायला मुद्दाम गेलो. एका इंग्रजी सिनेमामुळे ती जागा जगभर गाजली आणि दिवसाला पाच-पाच हजार माणसं उतरायला लागली. प्रवाळ मोडलं. जून २०१८मध्ये सरकारने किनारा बंद केला, तो उघडला थेट जानेवारी २०२२मध्ये. आता होड्यांना आत सोडत नाहीत. बेटाच्या मागच्या अंगाला उतरवतात, तिथून झाडीतल्या लाकडी वाटेने चालत जायचं. पोहायला बंदी, कोणी खोलात गेलं की रक्षकाची शिट्टी.

आमच्या स्पीडबोटवाल्याने दिवसभर नुसतं पळवलं. प्रत्येक ठिकाणी घड्याळ दाखवून ‘पंधरा मिनिटं’. राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशाचे चारशे बात (थायलंडचं चलन) वेगळे, हे बोटीत बसल्यावर सांगितलं. पण त्या पंधरा मिनिटांत काठाशी, उथळ पाण्यात, हातभर मोऱ्या, म्हणजे छोटे शार्क, फिरताना बघितल्या. पंखाला काळं टोक. पाणी एवढं नितळ की त्यांची सावली वाळूवर वेगळी पळत होती. मोरी आम्ही जन्मभर जाळ्यात आणि ताटात बघितली, अशी कधी बघितली नव्हती.

मालवणचं २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य १९८७ साली जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं प्रवाळ त्यातच येतं, आणि त्यावरच आमचे नांगर पडतात. माझाही पडायचा. आता मी नांगर वाळूवर टाकतो आणि माणसांना तिथून पोहत नेतो. शेजारचा होडीवाला म्हणतो, ‘तुझो टायम जाता, गिऱ्हाईक पण जाता.’ जातं, खरं आहे.

दापोली
मी परदेशी गेलेलो नाही, पण नांगराचं वाचून राहवलं नाही. आमच्याकडे डॉल्फिन दिसला की पाच-सहा होड्या इंजिनाचा आवाज करत त्याच्यामागे लागतात. इंजिन बंद करून थांबलं तर तो होडीजवळ दोन-तीनदा वर येतो, हे मी स्वतः पाहिलंय.

अलिबाग
जॉर्डनमधल्या पेट्राला, डोंगरात कोरलेल्या जुन्या शहरात, सिक नावाची सव्वा किलोमीटरची घळ आहे. शेवटच्या वळणावर दोन कड्यांच्या फटीतून ‘खजिना’ म्हणतात त्या कड्यात कोरलेल्या वास्तूचे गुलाबी खांब दिसतात. तिथे क्षणभर थांबायचं होतं, तर मागून ‘टॅक्सी, टॅक्सी’ करत गाढववाली मुलं आणि पुढून माळा. मी चिडले होते. वर ‘मठ’ म्हणतात त्या वास्तूकडे आठशे पायऱ्या चढताना दमून एका बदू (वाळवंटातल्या अरब जमातीच्या) बाईच्या टपरीवर बसले. तिने चहा पुढे केला. पैसे विचारले तर खुणेने म्हणाली, आधी पी.

मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिने सांगितलं की तिच्या सासूचा जन्म तिथल्याच गुहेतला. १९८५ साली पेट्रा जागतिक वारसा झालं, आणि त्याच सुमारास तिथल्या कुटुंबांना गुहा सोडून वरच्या उम सैहून गावात जावं लागलं. आता तीच माणसं रोज सकाळी खाली उतरतात, माळा आणि गाढवं घेऊन. हे ऐकल्यावर त्या मुलांवरचा माझा राग ओसरला.

तिच्याकडून दोन माळा घेतल्या, घासाघीस न करता. एक शेजारच्या वहिनींना दिली. त्यांच्या सासऱ्यांची नारळाची वाडी होती तिथे आता बंगला आहे, आणि वहिनी त्याच बंगल्यात स्वयंपाकाला जातात.