मोफत शिबिराला आफ्रिकेत जायचं, तर वर्गणी द्यायची का?

धरमपेठकर : ओळखीतले काही सर्जन पश्चिम आफ्रिकेत आठ दिवसांचं मोफत शस्त्रक्रिया शिबिर घेणार आहेत. दुभंगलेले ओठ, हर्निया, मोतीबिंदू. नागपुरात वर्गणी मागून राहिले. मी देणार नाही. आपल्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, गडचिरोलीपासून बालाघाटपर्यंतचे पेशंट येतात, नातेवाईक व्हरांड्यात झोपतात. आधी ही रांग बघा ना! आणि नवव्या दिवशी टाका पिकला तर तिथे कोण बघणार?

महालवाला : घरचं सगळं निस्तरल्यावरच बाहेर द्यायचं म्हटलं तर कोणीच कोणाला काही देणार नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले, तेव्हा भारतात दवाखाने उदंड होते काय? १९४२ मध्ये तिथेच वारले. पेशंटला पासपोर्ट विचारायचा नसतो, भाऊ.

धरमपेठकर : कोटणीस तिथे वर्षानुवर्षं राहिले. आठ दिवसांच्या शिबिराला त्यांचं नाव जोडू नका.

निवृत्त सिस्टर : राहण्याचाच मुद्दा खरा आहे. दुभंगलेला ओठ तीन-सहा महिन्यांच्या बाळाचा शिवता येतो, तोंडातली टाळूही दुभंगलेली असेल तर तिचं ऑपरेशन साधारण वर्षाच्या आसपास, त्यानंतर स्पीच थेरपी. हे आठ दिवसांत कसं होणार? ओठ शिवलेलं मूल फोटोत छान दिसतं, पण टाळू तशीच राहिली तर बोलणं नाकातून येतं. मर्सी शिप्स या सेवाभावी संस्थेचं रुग्णालय-जहाज एकेका बंदरात महिनोन्महिने थांबतं, स्थानिक डॉक्टर-नर्सना शिकवतं. तशा कामाला मी आनंदाने पैसे देईन.

आपल्या गडचिरोलीत डॉक्टर बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली, जंतुसंसर्गावर इंजेक्शन द्यायलाही. तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. पुढे २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनीही नवजात बाळांसाठी गृहभेटींची शिफारस केली. विदर्भाने गरीब देशांना द्यायचं तर हे द्यावं.

महालवाला : सिस्टर, पटतं. पण बाळंतपणात अडून फिस्टुला झालेली, म्हणजे लघवीच्या पिशवीला योनीत उघडणारं भोक पडलेली बाई वर्षानुवर्षं लघवी गळत राहते, नवरा टाकून देतो, लोक जवळ बसत नाहीत. स्थानिक डॉक्टर तयार होईपर्यंत तिने थांबावं काय? तिचं एक ऑपरेशन नीट झालं तर तिचं आयुष्यच फिरतं.

निवृत्त सिस्टर : थांबू नये. पण फिस्टुलाच्या ऑपरेशननंतर कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, साधारण एक ते दोन आठवडे ठेवावं लागतं. तेवढे दिवस वॉर्डात कोण असणार, ते आधी ठरवावं लागेल.

धरमपेठकर : मग वर्गणी मागणाऱ्यांना हेच विचारतो : मागे कोण थांबणार, तिथल्या कोणत्या रुग्णालयाशी बोलणं झालं, भुलेचा डॉक्टर कोण, कोणाला शिकवणार? लेखी उत्तर आलं तर इथे टाकतो. तोवर माझा हात खिशातच.

महालवाला : विचारा. मी मात्र आजच देतो. पैसे देताना हेच प्रश्न मीही विचारीन.