मदत हवी आहे: सात फॅन लावूनही आतलं सगळं तापतंय, कॉम्प्युटरचं कॅबिनेट परत करू का?

सुरवंट७
जाणकारांनी प्लीज लवकर सांगा, परत करायची मुदत परवा संपतेय. नवीन कॅबिनेट घेतलं, पुढून आणि बाजूने काच, आतून ऐसपैस, सगळ्या वायरी मागच्या कप्प्यात जातात त्यामुळे समोरून एकही दिसत नाही, जुन्यात कार्ड बसवताना बोटं सोलून निघायची तसलं इथे काही नाही. पण गेम सुरू करून वीस मिनिटं झाली की ग्राफिक्स कार्ड ८४ अंश आणि प्रोसेसर ८७. जुन्यात हेच कार्ड ७५ च्या वर जात नव्हतं आणि तिथे तीनच फॅन होते! ठेवू की परत करू?

पेचकस
कार्ड कुठलं, प्रोसेसर कुठला, कूलर कुठला? फॅन कुठे कुठे आणि कुठल्या दिशेने? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

रातकिडा
भावा सरळ ३६० मिमीचा लिक्विड कूलर टाक वरती, प्रोसेसर पाण्याने थंड करणारा. मी टाकला तेव्हापासून प्रोसेसर सत्तरच्या आत आहे, विषय संपला.

पेचकस
अहो लिक्विड प्रोसेसरला लागणार, त्यांचं कार्ड ८४ ला आहे त्याचं काय? डब्यात हवाच येत नसेल तर त्याच्या रेडिएटरलाही, म्हणजे ते पाणी थंड करणाऱ्या भागालाही, गरमच हवा मिळणार.

सुरवंट७
कार्ड आरटीएक्स ३०७०, प्रोसेसर रायझन ७ ५८००एक्स, एअर कूलर आहे एका टॉवरचा, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट नवीन लावलीय. फॅन सगळे १२० मिमीचे, तीन वर, तीन मदरबोर्डच्या शेजारी उभे, एक मागे, तळाची जागा रिकामी. दिशा म्हणजे नक्की काय? सगळ्यांची लाइटची सुंदर बाजू आत ठेवलीय, काचेतून मस्त दिसतं.

लोलक
लाइट वेगवेगळ्या रंगात लागत असतील तर सगळे एका हबला जोडा, माझे तसेच जुळले.

घड्याळजी
सुरवंट, घोळ त्या सुंदर बाजूतच आहे. साध्या फॅनची मोकळी, पाती दिसणारी बाजू हवा ओढते आणि जिकडे मोटर धरणाऱ्या पट्ट्या असतात तिकडून फेकते. वर आणि मागे तुम्ही लावलेत ते बरोबर, तिथून गरम हवा जायलाच हवी. पण शेजारचे तीनही आतली हवा ओढून बाहेर टाकतायत, म्हणजे सातच्या सात बाहेर फेकणारे आणि आत घेणारा एकही नाही! पुढे काच, त्यामुळे हवा मिळेल त्या फटीतून येणार आणि जिथे जाळी नाही तिथून धूळही घेऊन येणार. टिश्यू पेपरचा तुकडा बाहेरून प्रत्येक फॅनजवळ धरा, चिकटला तर हवा आत, उडला तर बाहेर. मग बाजूची काच काढून तोच गेम तेवढाच वेळ चालवा. तापमान धाडकन उतरलं तर हवा कमी पडतेय, नाही उतरलं तर कूलर नीट बसलाय का ते बघा.

रातकिडा
बाहेर फेकणारे जास्त असले म्हणून काही बिघडत नाही, माझं वर्षानुवर्षं तसंच आहे.

पेचकस
तुमच्याकडे पुढे जाळी असेल, हवेला वाट आहे. काचेतून हवा कशी येणार?

मधली_कळ
लॅपटॉपखाली ठेवायचा कूलिंग पॅड घ्यावा का? माझा पण फार तापतो.

पेचकस
त्यासाठी वेगळा धागा काढा हो.

सुरवंट७
काच काढली, कार्ड ८४ वरून थेट ७४!! आणि टिश्यू सगळीकडे उडाला, सातही ठिकाणी. मग शेजारचे तीन उलटे केले, काच लावून कार्ड ७८. त्यानंतर वरचे पुढचे दोन काढून तळाला वर तोंड करून लावले, ते थेट कार्डावर मारतात, आता काच लावूनही कार्ड ७२ आणि प्रोसेसर ७९. इतके दिवस कॅबिनेटला दोष देत होतो. फक्त शेजारच्या तिघांच्या पट्ट्या आणि स्टिकर आता काचेतून दिसतात, ते बघवत नाही.

लोलक
रिव्हर्स ब्लेडचे फॅन मिळतात, पाती उलटी असतात, सुंदर बाजू आत ठेवून हवा पण आतच येते. तीनच लागतील.

घड्याळजी
छान झालं! आतली मांडणी चांगली आहे, माझ्या मते ठेवा. पण आता तळाचे फॅन हवा ओढणार म्हणजे धूळही खालूनच येणार. तिथली जाळी पूर्ण डबा आडवा न करता काढता येते का ते मुदत संपायच्या आत बघा, नाहीतर तुम्ही ती कधीच साफ करणार नाही. आणि कॅबिनेट गालिचावर ठेवू नका, पाय बुटके असतात, वाट बंद होते.

सुरवंट७
जाळी मागच्या बाजूने सरकून निघते, आत्ताच काढून बघितली. ठेवतोय. रिव्हर्सवाल्यांची जाडी साध्यांसारखी २५ मिमीच असते ना?

लोलक
बहुतेक हो, पण स्लिम १५ मिमीचेही असतात, बघून घ्या.